गडावरचे घर आणि शंभर मीटरची रेघ

विष्णुपुरी (प्रतिनिधी) - गोदावरीच्या काठी काळेश्वराचे जुने देऊळ, समोर धरणाचे विस्तीर्ण पाणी, आणि पाठीमागे विद्यापीठ, अभियांत्रिकी संस्था व शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांच्या आधाराने वाढलेली घरे. नांदेड शहराला लागून असलेल्या विष्णुपुरीचे हे आजचे रूप आहे. ज्वारी-कापसाच्या शेतांत भूखंड पडले, भूखंडांवर बंगले उठले. मराठवाड्यात असे चित्र अनेक गावी दिसते. कंधार, औसा, उदगीर ही गावे तर किल्ल्यांच्या सावलीतच वाढली. जुन्या वास्तूच्या शेजारी घर बांधायचे किंवा जुने घर पाडून नवे उभारायचे, तर परवानगी कोणाची लागते आणि नकार कोण देऊ शकतो, हा प्रश्न अशा गावांत आज ना उद्या उभा राहणारच. तो सर्वांत तीव्रतेने उभा राहिला आहे कोल्हापूर जिल्ह्यातील पन्हाळ्यावर. तेथे काय घडले हे समजून घेतले, तर इतर गावांनाही आपल्या कागदपत्रांकडे वेळीच पाहता येईल.

किल्ला की गाव?

पन्हाळा हा महाराष्ट्रातील इतर बहुतेक किल्ल्यांसारखा ओसाड नाही. शिलाहार राजा भोज दुसरा याच्या काळापासून नांदता असलेला हा गड आज गिरिस्थान नगरपरिषदेचे गाव आहे आणि तालुक्याचे ठाणेही आहे. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या अवघी तीन हजारांच्या आसपास. राज्यातील सर्वांत लहान नगरपरिषदांमध्ये त्याची गणना होते. तटबंदीच्या आत शाळा आहे, बाजार आहे, कचेऱ्या आहेत. ताराराणींच्या वाड्यात तर अनेक वर्षे नगरपालिकेचे कार्यालय आणि शाळा होती. गंगा, यमुना, सरस्वती अशी नावे असलेली अंबरखान्याची धान्यकोठारे, सज्जाकोठी, तीन दरवाजा, अंधारबाव या वास्तूंच्या अवतीभवतीच लोकांची घरे आहेत. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज निसटले ते याच गडावरून. १८४४ मध्ये गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी तटबंदीची मोडतोड केली, तीही याच गडाची. कविवर्य मोरोपंतांचा जन्मही येथलाच. म्हणजे गडावर वस्ती असणे हीच पन्हाळ्याच्या इतिहासातील सलग बाब आहे.

या गावावर दोन वेगवेगळ्या दिशांनी नियम आले. पहिला केंद्रीय पुरातत्त्व खात्याचा, कारण पन्हाळा हे केंद्र संरक्षित स्मारक आहे. दुसरा जागतिक वारसा यादीचा. ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाखाली शिवनेरी, लोहगड, रायगड, राजगड, प्रतापगड, साल्हेर, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, पन्हाळा आणि तमिळनाडूतील जिंजी अशा बारा किल्ल्यांचा प्रस्ताव भारताने युनेस्कोकडे पाठविला. २०२४ च्या उत्तरार्धात तज्ज्ञांकडून किल्ल्यांची पाहणी झाली आणि ११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथील अधिवेशनात या बारा किल्ल्यांना यादीत स्थान मिळाले. राज्यभर आनंद साजरा झाला. पन्हाळ्यावर मात्र त्याआधीचे काही महिने वेगळे होते. गडावरील नागरिकांनी या यादीतील समावेशाला उघड विरोध केला. आपली घरे जाणार, बांधकाम कायमचे थांबणार, ही धास्ती त्यामागे होती. कोणालाही विस्थापित केले जाणार नाही, असा खुलासा प्रशासनास करावा लागला.

वरवर पाहता हा विरोध विचित्र वाटतो. शिवरायांच्या गडाचा सन्मान होत असताना गडावरच्याच लोकांनी नाही म्हणावे, यावर बाहेरून टीका होणे स्वाभाविक आहे. परंतु विरोधाचे कारण युनेस्कोच्या कागदात शोधले तर सापडणार नाही. ते त्याच्या कितीतरी आधीच्या एका तारखेत आहे.

१६ जून १९९२

प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष कायदा १९५८ चा. त्याखाली १६ जून १९९२ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढली आणि प्रत्येक संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंतचे क्षेत्र ‘प्रतिषिद्ध’, तर त्यापुढील दोनशे मीटरचे क्षेत्र ‘विनियमित’ ठरविले. पुढे एका तज्ज्ञ समितीच्या शिफारशीने प्रतिषिद्ध क्षेत्रातही परवानग्या दिल्या जाऊ लागल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये ही पद्धत बेकायदा ठरविली. त्यानंतर २०१० मध्ये आधी अध्यादेश आणि मग दुरुस्ती कायदा आला. शंभर व दोनशे मीटरचे आकडे आता अधिसूचनेत न राहता थेट कायद्यात गेले आणि राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण नावाची स्वतंत्र यंत्रणा दिल्लीत उभी राहिली.

आकडे लहान वाटतात. जमिनीवर ते किती पसरतात, हे हिशेब केल्यावर कळते. समजा, स्मारक म्हणजे एकच शिळा आहे. तिच्याभोवती शंभर मीटरचे वर्तुळ काढले तर सव्वातीन हेक्टरांच्या जवळपास जमीन त्यात येते. तीनशे मीटरचे काढले तर अठ्ठावीस हेक्टरांहून अधिक, म्हणजे सुमारे सत्तर एकर. स्मारक जितके मोठे, तितकी हद्द पुढे सरकते, कारण मोजणी स्मारकाच्या मध्यापासून होत नाही, संरक्षित क्षेत्राच्या कडेपासून होते. गडावर अशा अनेक वास्तू जवळजवळ असल्या म्हणजे वर्तुळे एकमेकांत मिसळतात आणि मोकळी जागा नावालाच उरते. महाराष्ट्रात अशी केंद्र संरक्षित स्मारके पावणेतीनशेहून अधिक आहेत.

प्रतिषिद्ध क्षेत्रात काय करता येते, याविषयी गावोगाव गैरसमज आहेत. काहींच्या मते खिळाही ठोकता येत नाही. तसे नाही. १६ जून १९९२ पूर्वीचे घर असेल, तर त्याच्या मालकाला दुरुस्ती व नूतनीकरणासाठी अर्ज करता येतो. सार्वजनिक नळ, गटार, वीज, शौचालय यांची कामे कायद्याने ‘बांधकाम’ या व्याख्येतच धरलेली नाहीत. मात्र नवे बांधकाम, मजला चढविणे, खोली वाढविणे यास मनाई आहे आणि ती मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. पुढील दोनशे मीटरांत नवे बांधकामही परवानगीने होऊ शकते.

खरी मेख एका शब्दात आहे. कायद्याने ‘दुरुस्ती’ आणि ‘पुनर्बांधणी’ यांत फरक केला आहे. जुन्या घराची लांबी, रुंदी, उंची तीच ठेवून ते पुन्हा उभारणे ही पुनर्बांधणी. ती विनियमित क्षेत्रात परवानगीने करता येते. प्रतिषिद्ध क्षेत्रातील घरमालकाला मात्र कायदा केवळ दुरुस्ती आणि नूतनीकरणाची वाट देतो. याचा अर्थ असा की, दगडमातीच्या घराचे छप्पर गळत असेल तर ते नीट करता येईल, पण तेच घर एखाद्या पावसाळ्यात कोसळले, तर त्याच जागी त्याच मापाचे घर उभारण्याचा मार्ग या कायद्यात दिसत नाही. पन्हाळ्याचा पाऊस मराठवाड्याच्या पावसासारखा नव्हे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत गडावर जाणारा मुख्य रस्ताच खचला होता. अशा ठिकाणी जुन्या भिंतीत राहणाऱ्या माणसाला यादी, सन्मान, पर्यटन यांपेक्षा पुढच्या आषाढाची काळजी अधिक असते, यात नवल ते काय?

अर्जाचा प्रवासही लांबचा. कायद्यानुसार सक्षम अधिकाऱ्याने अर्ज पंधरा दिवसांत राष्ट्रीय प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत स्मारकावरील परिणामाविषयी कळवायचे, आणि त्यानंतर महिनाभरात सक्षम अधिकाऱ्याने निर्णय द्यायचा. सारे वेळेवर झाले तरी साडेतीन महिने जातात. पाडव्याला अर्ज केला तर पावसाळा अर्ध्यावर येईपर्यंत उत्तराची वाट पाहावी लागेल. त्यातून अनेक ठिकाणी जे घडते ते सर्वज्ञात आहे. लोक अर्ज न करताच पत्रे बदलतात आणि पत्र्यांबरोबर एखादी खोलीही वाढवून घेतात. ज्याने प्रामाणिकपणे अर्ज केला तो थांबलेला राहतो, ज्याने केला नाही त्याचे काम उरकते. हा नियम स्मारकाचेही रक्षण करीत नाही आणि घराचेही.

विकास आराखड्याचा दुसरा नियम

याच्या जोडीला आणखी एक नियम आहे आणि तो विष्णुपुरीसारख्या गावांना अधिक लागू पडतो. जमीन शेतीची की निवासाची, हे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खालील आराखड्यांवरून ठरते. नगरपालिका असेल तेथे विकास आराखडा, ग्रामीण भागात प्रादेशिक योजना. शेती विभागातील गट निवासी विभागात घ्यायचा झाला, तर आराखड्यात फेरबदल करावा लागतो. त्याची सूचना प्रसिद्ध होते, हरकती मागविल्या जातात, सुनावणी होते आणि मग शासन मंजुरी देते. २०२० पासून राज्याच्या बहुतांश भागाला एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली असल्याने चटई क्षेत्र, रस्त्याची रुंदी, सामासिक अंतरे यांत बरीच एकवाक्यता आली आहे.

याच अधिनियमाच्या कलम २२ मध्ये आराखड्यात काय असावे याची जी यादी आहे, तिच्यात निवासी, औद्योगिक असे विभाग पाडण्याबरोबरच ऐतिहासिक वास्तू व स्थळांचे जतन हाही विषय आहे. म्हणजे घर आणि वारसा यांचा विचार एकाच नकाशावर, एकाच वेळी व्हावा, अशी अपेक्षा राज्याच्या कायद्याने जवळजवळ साठ वर्षांपूर्वीच केली होती. व्यवहारात मात्र नगररचना विभागाचा नकाशा वेगळा आणि पुरातत्त्व खात्याचा वेगळा. आराखड्यात निवासी दाखविलेला भूखंड माणूस पैसे मोजून विकत घेतो आणि नंतर त्याला कळते की तो शंभर मीटरच्या आत आहे. पहिला कागद खरा असतो, दुसराही खरा असतो. दोन्ही खरे कागद हातात असलेल्या माणसाला घर मात्र बांधता येत नाही.

मुंबईत १९९५ च्या वारसा नियमांनी वास्तूंच्या श्रेणी ठरविल्या आणि मालकाचा हक्क बुडाला तर त्याबदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क देण्याची सोय केली. ही सोय छोट्या गावांसाठीही करावी, असे अनेकदा सुचविले जाते. सूचना सद्हेतूची असली तरी तीन हजार वस्तीच्या गडावर तो हक्क विकत घेणार कोण आणि वापरणार कोठे? जेथे जमिनीला महानगरासारखा भाव आणि उंच इमारतींची मागणी नाही, तेथे हा कागद कपाटातच राहील.

भीती कोठून आली?

पन्हाळ्याची धास्ती केवळ कायद्याच्या कलमांतून आलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने गडकिल्ल्यांवरील अतिक्रमणे हटविण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमल्या. ४७ केंद्र संरक्षित आणि ६२ राज्य संरक्षित किल्ल्यांवरील अतिक्रमणे ३१ मे २०२५ पर्यंत काढण्याचे ठरले. त्याच जिल्ह्यातील विशाळगडावर अतिक्रमणाच्या प्रश्नावरून १४ जुलै २०२४ रोजी हिंसाचार झाला होता आणि पायथ्याच्या गजापुरातील घरांना त्याची झळ बसली होती. या पार्श्वभूमीवर ‘गडावरील बांधकामे’ हा शब्दप्रयोग कानावर पडला की पन्हाळकराला आपले घर आठवते. वस्तुतः पिढ्यान्‌पिढ्या घरपट्टी भरणारा रहिवासी आणि अतिक्रमण करणारा यांत कायद्याने मोठा भेद आहे. पण हा भेद सरकारी पत्रकांत ठळकपणे कोणी सांगितला नाही, आणि न सांगितलेल्या गोष्टीच्या जागी अफवा बसली.

त्यात युनेस्कोकडे जाणारा प्रस्ताव असतो शेकडो पानांचा, आणि तो इंग्रजी वा फ्रेंचमध्येच द्यावा लागतो. गाभा क्षेत्र कोठे संपते, संरक्षक पट्टा कोठे सुरू होतो, याचे नकाशे त्यात असतात. ज्यांच्या घरावरून ती रेघ जाते त्यांनी ती वाचायची कशी? जागतिक वारसा समितीच्या कार्यपद्धतीतच स्थानिकांचा सहभाग असावा, असे म्हटले आहे. सहभाग म्हणजे निर्णय झाल्यावर दिलेले आश्वासन नव्हे, इतके तरी सर्वांना मान्य व्हावे.

गडावरचे सारे लोक एका बाजूला आणि इतिहासप्रेमी दुसऱ्या बाजूला, असेही हे चित्र नाही. पर्यटक वाढले तर हॉटेल, निवास, झुणका-भाकरीची दुकाने चालतात. ज्याचा व्यवसाय आहे त्याला यादीतील नाव हवेच असते. ज्याचे केवळ घर आहे, किंवा ज्याच्या दोन मुलांची लग्ने व्हायची आहेत आणि घरात खोली एकच आहे, त्याचा हिशेब वेगळा असतो. आणि बेसुमार काँक्रीटने गडाची रया गेली, हे म्हणणारेही गडावरचेच असतात. तटाला टेकून उभ्या राहिलेल्या इमारती पाहिल्या तर त्यांचे म्हणणे खोडून काढता येत नाही. नियमच नको, असे म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यायला हवे.

इतरत्र काय झाले?

युनेस्को कोणाचे घर पाडत नाही. तिला तो अधिकारच नाही. ती फार तर स्थळ धोक्याच्या यादीत टाकते किंवा यादीतून काढते. जर्मनीतील ड्रेसडेनचे नाव २००९ मध्ये आणि इंग्लंडमधील लिव्हरपूलचे २०२१ मध्ये असेच वगळण्यात आले. राजस्थानातील जैसलमेरचा किल्ला २०१३ पासून यादीत आहे आणि तटाच्या आत आजही काही हजार लोक राहतात. तेथील चिंता लोकांच्या वस्तीपेक्षा सांडपाणी किल्ल्याच्या पायात मुरण्याची आहे. पन्हाळ्याच्या बाजूने हे उदाहरण दिले जाते आणि ते योग्यही आहे.

परंतु दुसरे उदाहरण हंपीचे आहे. १९८६ पासून जागतिक वारसा असलेल्या हंपीत विरूपाक्ष मंदिरासमोरच्या बाजारातील मंडपांत शेकडो कुटुंबे राहत होती, दुकाने चालवीत होती. जुलै २०११ मध्ये प्रशासनाने ती वस्ती हटविली. आदेश युनेस्कोचा नव्हता. बुलडोझर आपल्याच शासनाचे होते. म्हणून ‘युनेस्कोमुळे कोणी विस्थापित होणार नाही’ हे वाक्य खरे असूनही अपुरे ठरते. पन्हाळकरांना हमी हवी ती पॅरिसची नाही. मुंबईची आणि दिल्लीची हवी, आणि तीही लेखी हवी.

अशी हमी देण्याचे साधन कायद्यातच आहे. २०१० च्या दुरुस्तीने प्रत्येक स्मारकासाठी स्वतंत्र ‘वारसा उपविधी’ तयार करण्याची तरतूद केली. पन्हाळ्यासारख्या नांदत्या गडाला काय लागू, एकाकी लेण्याला काय लागू, छप्पर कौलारू असावे की नाही, उंची किती, रंग कोणता, हे त्या त्या जागेनुसार ठरावे, ही त्यामागील कल्पना. देशात साडेतीन हजारांहून अधिक केंद्र संरक्षित स्मारके आहेत. त्या मानाने उपविधी फार थोड्यांचे झाले. संस्कृतीविषयक संसदीय स्थायी समितीनेही २०२३ मध्ये सरसकट मर्यादेबद्दल नाराजी दाखविली. अजिंठा-वेरूळला जो नियम, तोच एखाद्या लहानशा कोस मिनाराला कशासाठी, आणि सगळे गावच प्रतिषिद्ध क्षेत्रात आल्यावर लोकांनी घरे दुरुस्त करायची कशी, हा तिचा मुद्दा होता. २०१८ मध्ये लोकसभेने कायद्यात बदल मंजूर केला होता खरा, पण तो प्रतिषिद्ध क्षेत्रात केंद्र सरकारची सार्वजनिक कामे करता यावीत यासाठी होता. घरांचा त्यात विचार नव्हता. तोही पुढे कायदा झाला नाही.

विष्णुपुरी, कंधार, औसा येथील रहिवाशाने प्रथम पाहायचे ते हे, की शेजारची वास्तू कोणत्या यादीत आहे. केंद्राच्या यादीत असेल तर शंभर आणि दोनशे मीटरचा कायदा लागू होतो. राज्याच्या यादीत असेल तर १९६० चा महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा आहे आणि विचारणा राज्य पुरातत्त्व संचालनालयाकडे करावी लागते. बारा वारसा किल्ल्यांपैकीही साल्हेर, राजगड, खांदेरी व प्रतापगड हे चार राज्याच्याच अखत्यारीत आहेत. वास्तू कोणत्याच यादीत नसेल, आणि गावोगावच्या बहुसंख्य जुन्या देवळांची व वाड्यांची हीच स्थिती आहे, तर तिचे भवितव्य केवळ विकास आराखड्यावर आणि ग्रामस्थांच्या इच्छेवर राहते.

आराखड्याची प्रारूप सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते. हरकतीस साधारणपणे महिनाभराची मुदत असते. गट नंबर लिहून, सोबत नकाशाचा उतारा जोडून दिलेली हरकत सुनावणीला घ्यावीच लागते. तोंडी तक्रारीची नोंद कोठेच राहत नाही. आणि ज्यांचे घर केंद्र संरक्षित स्मारकालगत आहे, त्यांनी १६ जून १९९२ पूर्वीच्या घरपट्टीच्या पावत्या, मिळकत पत्रिका, जुनी वीजदेयके जपून ठेवावीत. घर त्या तारखेआधीचे आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्ज करणाऱ्यावरच असते.